बिनभरतीचा फेरा

माझ्या सासऱ्यांना आयुष्यात एकदा सुट्टीवर जायचं होतं, आणि तेही होडीचं सुकाणू हातात धरून. चौतीस वर्षं जे काम केलं तेच करायला जाण्याला सुट्टी कशी म्हणायची, असं मी घरात विचारून पाहिलं. कोणी दाद दिली नाही.

बाबा, म्हणजे जगन, उरणकडच्या एका कोळी गावचे. आधी घरच्या मासेमारीच्या होडीवर आणि मग बंदरातल्या लाँचवर ते तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, सुकाणू ज्याच्या हातात तो. निवृत्त झाल्यावर आई-बाबा आमच्याकडे सुकापूरला राहायला आले आणि बाबा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहून खालच्या रिक्षांना वळणं शिकवू लागले. दोन वर्षांपूर्वी ते दाराच्या चौकटींना आपटायला लागले. आम्ही हसलो. इतकी वर्षं होडीत डुलले, आता घर डुलतंय असं वाटतं त्यांना, असं मीच म्हणाले होते. काचबिंदू निघाला. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

औषधं झाली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दिवाळीनंतर डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली म्हणजे बांगडीतून बघितल्यासारखी आहे. ही बांगडी लहान होत जाणार. वर्षभर, कदाचित त्याच्याही आत सगळं संपेल.

त्याच महिन्यात माझ्या नणंदेचा, रोशनीचा, इंग्लंडहून फोन आला. ती आणि तिचा नवरा तिथे राहतात, ती नर्स आहे. तिच्या गावाजवळून दोनशे वर्षांपूर्वी खणलेले कालवे जातात. त्यांवर लांबलचक, अरुंद होड्या भाड्याने मिळतात. आत स्वयंपाकघर, पलंग, सगळं. परवाना लागत नाही, आणि वेग इतका कमी की काठाने चालणारा माणूस पुढे निघून जातो. "बाबा, जूनमध्ये दोघं या. भावनालाही आणा, शाळेला सुट्टी नसली तर रजा काढू दे तिला. आणि सुकाणू तुमच्याच हातात देणार, प्रॉमिस," ती म्हणाली. भावना म्हणजे मी, शाळेत शिकवते.

तिला डोळ्यांचं माहीत नव्हतं. बाबांनी आम्हा सगळ्यांना शपथ घातली होती. "तिला सांगायचा नाय. सांगलाव तं ती मना होडीत निजवून ठेवील," ते म्हणाले होते. खरंच होतं ते. रोशनीला कळलं असतं तर बाबांच्या हाती सुकाणू काही आलं नसतं. बांगडी बंद व्हायच्या आत एकदा, स्वतःच्या हाताने, होडी न्यायची आणि परत आणायची, एवढंच त्यांना हवं होतं. मी नवऱ्याला, प्रितमला, म्हटलं की हे बरोबर नाही. तो तळोज्याला शिफ्टला निघाला होता. "तू सांगतेस का त्यांना नाही म्हणून?" असं म्हणून तो डबा घेऊन गेला. मला जमलं नाही.

राहिलं होतं ते रस्ता निवडणं. रोशनीने तीन रस्ते पाठवले होते. तिन्ही गोल होते. एक कालवा दुसऱ्याला मिळतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी आपण निघालो त्याच धक्क्यावर दुसऱ्या बाजूने येऊन लागतो. मी तिन्ही नकाशे झेरॉक्सवाल्याकडून मोठे करून आणले, शाळेच्या खडूंनी रंगवले आणि हॉलच्या फरशीवर पसरले. लाल फेरा शहरातून जाणारा, जुन्या गिरण्यांच्या भिंतींमधून. निळा छोटा, कुरणातला, चार दिवसांत संपणारा. आणि हिरवा सगळ्यात लांब, चांगला दोन आठवड्यांचा, टेकड्यांवरून वळसे घेत जाणारा.

मग आमच्या संध्याकाळी बदलल्या. मी शाळेतून आले की चहा व्हायचा, आई म्हणजे चंद्रावती सुके बोंबील निवडायला बसायच्या, आणि बाबा नकाशापाशी मांडी घालून जाळ्याचा दोरा रेषेवर ठेवत जायचे. दोरा दिसत नसला तरी बोटांना लागायचा. मी वेबसाइटवरून वाचायची. तिथल्या पुलांना नंबर असतात. "चौतीस नंबर, विटांचा, डावीकडे झाडी. पस्तीस नंबर, लोखंडी." बाबा डोळे मिटायचे. दिवसाकाठी दहा मैल, असं ठरलं होतं. रोज संध्याकाळी आम्ही एका दिवसाचा रस्ता कापायचो आणि एखाद्या पुलाखाली होडी बांधून जेवायला उठायचो.

पाणी चढवणारे लॉक आले तेव्हा मी घसा बसेपर्यंत समजावलं. दोन दरवाजे, मध्ये होडी, मागचा दरवाजा बंद, पुढून पाणी आत, होडी वर. बाबांनी एका वाक्यात निकाल लावला. "म्हंजे उघाडी. आमच्या खारीत बी हाय, पानी आत घ्याया नि बाहेर सोडाया." त्यानंतर आमच्या घरात सगळी लॉक उघाड्याच झाली.

हळूहळू घरच तिकडे सरकलं. दुपारी ऑफ तासाला माझ्या वहीच्या कोपऱ्यात पूल उमटायचे. आई भाजी चिरता चिरता मध्येच म्हणायच्या, "त्या एकोनसत्तर नंबराखाली आज गार असंल." आणि मी हो म्हणायची, जशी काही कालच मी तिथून आले होते. खाली रिक्षांचे हॉर्न वाजत असायचे, विमानतळाच्या बाजूने एखादं विमान डोक्यावरून जायचं, आणि हॉलच्या पांढऱ्या फरशीवर आम्ही तिघं संथ पाण्यात बसलेलो असायचो. एकदा प्रितम बूट घालून नकाशावरून चालत गेला तेव्हा आईंनी त्याला असं झापलं की बिचारा भिंतीला लागून उभा राहिला. त्या दिवसांत मला बाबांच्या डोळ्यांची भीती वाटत नव्हती. भीती कुठेतरी काठावर राहिली होती आणि आम्ही पुढे निघून गेलो होतो.

पण फेरा काही ठरेना. तिन्ही फेरे एकेकदा फिरून झाले. रोशनीचे मेसेज यायला लागले, की होड्या भरत चालल्यात, लवकर सांगा.

एका संध्याकाळी बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायला सांगितलं. जूनमधली निघायची तारीख विचारली, तिची तिथी मला शोधायला लावली आणि नकाशाच्या पाठीवर लिहायला सांगितलं. भरतीचा हिशोब आमच्याकडे तिथीवरून करतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. मी गणिताची शिक्षिका. त्यांची पाऊणकी अगदी अचूक होती, आणि ती तपासताना मला इतका आनंद झाला की एक साधा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. दोन आठवड्यांचं सुरेख वेळापत्रक झालं. कधी निघायचं, ओहोटीबरोबर किती जायचं, भरतीला कुठून परत फिरायचं. आई मान डोलवत होत्या. सगळ्यांना सगळं पटलं होतं.

मी त्याचा फोटो काढून रोशनीला पाठवला. तिने लगेच व्हिडिओ कॉल केला, आणि ती हसत होती.

"बाबा, कॅनॉलला भरती कुठली? ते पाणी उभं असतं. समुद्राशी त्याचा काही संबंध नाही."

मीही हसले. इतकं शिकून हा घोळ मीच तपासून दिला होता, म्हणून जरा जास्तच हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी स्क्रीनकडे मान फिरवून, नेमकी त्या बांगडीत रोशनी पकडली.

"भरती नाय?"

"नाही ना बाबा."

"मंग परत कोन आननार?"

"कोणी आणायचं नसतं. गोल आहे. पुढे जात राहायचं, आपोआप परत येतो."

"होडी केवडी?"

"सत्तावन्न फूट."

"नि कालवा किती रुंद?"

रोशनीने अडखळत सांगितलं की निम्मासुद्धा नसेल, आणि वळवायला खास रुंद केलेल्या जागा असतात, बऱ्याच मैलांवर एक. बाबांनी बरं म्हटलं आणि फोन माझ्याकडे दिला.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन नकाशापाशी बसले तर बाबा गॅलरीत. तिसऱ्या दिवशी त्यांना झोप आली होती. पाचव्या दिवशी आईंनी नकाशे गुंडाळून कपाटावर ठेवले आणि हॉल पुन्हा नुसता हॉल झाला. मला त्याचं इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. मी पाणी प्यायला आत जायची आणि वाटेत उगाच फरशीकडे बघायची.

दोन आठवडे मी तोंड बंद ठेवलं. माझ्या स्वभावाला हे फार झालं. रोशनीचा शेवटचा मेसेज आला, की रविवारपर्यंत सांगा नाहीतर जूनच्या होड्या संपल्या. त्या संध्याकाळी मी सरळ गॅलरीत गेले.

"बाबा, जायचं नसेल तर नाही म्हणा. तिला लटकवून ठेवू नका. आणि मला पण नका. महिनाभर पूल वाचतेय मी तुमच्यासाठी."

मी जरा जोरातच बोलले. आई बोंबलांची पाटी घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. बाबांनी मला खुर्ची दाखवली, म्हणजे जिथे खुर्ची असते त्या दिशेला हात केला.

"मी सोला वर्साचा असताना बापसाबरोबर बाहेर गेलतो," ते म्हणाले. "बापसाला मदीच ताप भरला. आडवाच जाला. मना वाटेची काय मायती नाय. मी सुकानूचा दांडा धरून नुसता बसलो. भरती लागली नि होडी खाडीच्या तोंडाशी येऊन लागली. भरतीनं आनली. मी नाय आनली. तवापासून मना धीर हाय, का आपला काय जाला तरी पानी परत आनतंय."

त्यांनी चाचपून कठड्यावर हात ठेवला.

"तिथं पानी उबा हाय. चार दिवस गेलो नि पाचव्या दिशी दिसायचा बंद जाला, तं होडी तिथंच. वलवायला जागा नाय. आननारी भरती नाय. मंग काय पोरीसमोर, जावयासमोर सांगू, का दांडा घ्या, मना दिसत नाय? जो दांडा धरून निघतो त्यानंच परत आनायचा असतंय, बाय. अर्ध्यात दुसऱ्याच्या हातात देत नाय."

मी त्यांना आळशी म्हणाले होते मनातल्या मनात, लहरी म्हणाले होते. आणि हा माणूस रोज रात्रीच्या जेवणाआधी माझ्याबरोबर त्या फेऱ्यावर निघून अर्ध्यात आंधळा होत होता.

"मी आनीन," आई दारातून म्हणाल्या.

बाबा हसले. "तू? तू कदी होडीत तरी बसलीस?"

"तुमी कवा बसवलाव?"

आमच्या घरात बाईमाणूस गुडघाभर पाण्यापर्यंत जायचं, पाटी घ्यायचं आणि मागे फिरायचं. पुढचं सगळं पुरुषांचं. आईंनी चाळीस वर्षं पनवेलच्या बाजारात मासे विकले, पण ज्या होडीतून ते आले तिच्या फळीला कधी पाय लावला नाही. "निघतानाच मी दांडा धरीन. म्हंजे अर्ध्यात कुनाला द्यायला नको. तुमी मना शिकवा, नि तुमाला धरायचा तवा धरा, तांडेल मी," त्यांनी सांगितलं आणि बोंबील घेऊन आत गेल्या.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी उठून त्यांनी पुतण्याला, हरेशला, फोन लावला आणि त्याची होडी मोकळी कधी असते ते विचारलं. मी रोशनीकडून आणखी तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली. काय सांगून घेतली ते सांगत नाही. शिक्षिकेने असं खोटं बोलू नये.

चार रविवार आम्ही गावाला गेलो. हरेशची होडी लहान, पण मागे लाकडी दांड्याचं सुकाणू, आणि ते इंग्लंडच्या त्या होड्यांसारखंच उलटं चालतं. दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे. आईंना हे पटेचना. पहिल्या रविवारी त्या होडीला गिऱ्हाइकाशी भांडावं तशा भांडल्या आणि होडी सरळ तिवरांच्या झाडीत घुसली. हरेश कमरेएवढ्या चिखलात उतरून ती मागे ढकलत होता आणि बाबा ओरडत होते, "दांडा सोड, दांडा सोड," आणि आई तो दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. धक्क्यावर जमलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. आईंनी उतरल्यावर त्यांच्याकडे असं बघितलं की एकीलाही काही बोलायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या रविवारी बाबा त्यांच्या शेजारीच बसले आणि होडी जरा वाकडी झाली की दांड्यावर हात टाकू लागले. तीनदा टाकला. चौथ्यांदा आई म्हणाल्या, "तुमी पुडं जाऊन बसा." बाबा बसले नाहीत. "तांडेल सांगते तं ऐकायचा असतंय ना?" आई म्हणाल्या. हरेश दुसरीकडे बघायला लागला. बाबा चाचपत चाचपत पुढच्या टोकाला गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

मला वाटलं, रुसले. पण त्यांची मान डावीकडून उजवीकडे, मग परत डावीकडे, अगदी सावकाश फिरत होती. बांगडीत मावेल तेवढं घ्यायचं, मग पुढचं. एकदा त्यांनी हरेशला विचारलं, "तो निला काय हाय, फांदीवर?"

"खंड्या हाय काका. तो तं कायमचा असतो हतं."

"कायमचा?"

"हो. तुमच्या वक्ताला बी असंल."

तिसऱ्या रविवारी कोणी न सांगता बाबा पुढे जाऊन बसले. चौथ्या रविवारी द्वितीया होती, दीडची भरती. आईंनी खाडीच्या मधल्या तिवरांच्या बेटाला पूर्ण फेरा घातला, एका बाजूने गेल्या, दुसऱ्या बाजूने आल्या, आणि ओहोटी लागलेली असताना होडी धक्क्याला आणून लावली. लागताना जरा आदळलीच. पण भरतीने परत आणली नव्हती, त्यांनी आणली होती. त्यांनी हात पदराला पुसले. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी तिथेच त्यांना मिठी मारली, आणि त्या "चिखल लागंल, चिखल लागंल" म्हणत राहिल्या.

बाबा मात्र पुढेच बसून होते. होडी बांधून झाली तरी उठले नाहीत.

त्याच संध्याकाळी त्यांनी रोशनीला फोन लावायला सांगितलं. नकाशे पुन्हा फरशीवर होते. रोशनी स्क्रीनवर आली आणि आल्या आल्या म्हणाली, "बाबा, आज सांगायचंच. लाल, निळा की हिरवा?"

"आधी ऐक," बाबा म्हणाले. "माजे डोले चाललेत."

मी आईंकडे बघितलं. आईंनी बोंबील निवडायचं थांबवलं नव्हतं, पण हात एकाच बोंबलावर फिरत होता.

रोशनीचा चेहरा आधी मुलीचा होता, मग नर्सचा झाला. कुठलं औषध, किती वेळा, ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं, दाब किती. बाबांनी शहाण्या मुलासारखी सगळी उत्तरं दिली. मग प्रश्न संपले आणि ती पुन्हा मुलगी झाली. ती बराच वेळ रडत होती. बाबांनी तिला थांबवलं नाही.

"मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. "मी तुम्हाला सुकाणू देणार होते हो. त्याच्यासाठीच तर सगळं ठरवलं."

"म्हनूनच नाय सांगला."

"मग आता?"

"सुकानू तुजी आय धरनार. तिना शिकवलाय मी. आदलते जरा, पन आनते परत."

"आणि तुम्ही? तुम्ही थोडा वेळ तरी धरा ना बाबा. मी तुमच्याजवळ उभी राहते. मी बघेन पुढचं."

बाबांनी मान हलवली. मला ठाऊक होतं त्यांना तो दांडा किती हवा होता. महिनाभर मी त्यांच्या समोर बसले होते.

"चौतीस वर्सां मी पाठी उबा होतो," ते म्हणाले. "पानी बगितला. खुना बगितल्या. दुसरा काय बगितलाच नाय. आता हाय तेवडा डोला दांड्यावर घालवत नाय. मी पुडं बसनार. हाय तवर बगून घेनार."

रोशनीने डोळे पुसले आणि विचारलं, "मग बुक कुठला करू?"

बाबांनी नकाशावर हात ठेवला. दोरा सरकून कुठेतरी गेला होता, आणि त्या रेषा त्यांना दिसत होत्या की नाही, मला सांगता येणार नाही.

"सगल्यात लांबचा कोनता?" त्यांनी मला विचारलं.

"हिरवा," मी म्हणाले.

"तो कर," ते रोशनीला म्हणाले.